एका दाढेचा फोटो आणि किरणांचा हिशेब

दाढेचा लहान एक्स-रे काढताना रुग्णाला मिळणारी किरणमात्रा दीड मायक्रोसिव्हर्टपेक्षाही कमी असते, असा आकडा युरोपातील मार्गदर्शक पुस्तिकांमध्ये दिलेला आढळतो. माती, खडक, हवेतील रेडॉन वायू आणि अवकाशातून येणारे किरण यांच्यापासून जगातील सरासरी माणसाला वर्षाकाठी सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट, म्हणजे दिवसाला साडेसहा मायक्रोसिव्हर्ट इतकी मात्रा काहीही न करता मिळतच असते. त्यामुळे दाढेचा एक फोटो म्हणजे घरी बसून घालवलेले पाच-सहा तास, अशी तुलना दंतवैद्यकाच्या पुस्तकांत केली जाते आणि ती चुकीची नाही. मात्र या तुलनेत एक गोष्ट झाकली जाते. ती अशी की, हे दीड मायक्रोसिव्हर्ट कोणत्याही यंत्राने मोजलेले नसतात, कारण सिव्हर्टमध्ये सांगितलेली ही मात्रा मोजणारे यंत्रच अस्तित्वात नाही आणि तसे ते असूही शकत नाही. मोजले जाते ते काही वेगळेच, आणि त्यापासून या आकड्यापर्यंत पोहोचताना एक पुतळा, काही स्फटिक आणि एका आंतरराष्ट्रीय समितीचे मत यांचा आधार घ्यावा लागतो.

विल्हेल्म राँटगेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला तो नोव्हेंबर १८९५ मध्ये, आणि त्याची वार्ता पसरून दोन-तीन आठवडे होतात न होतात तोच, जानेवारी १८९६ मध्ये, जर्मनीतील ब्राउनश्वाइग येथील दंतवैद्य ओटो वाल्कहॉफ यांनी काळ्या कागदात गुंडाळलेली काचेची छायाचित्रपट्टी स्वतःच्या तोंडात धरून दातांचा पहिला एक्स-रे मिळवला. त्यासाठी त्यांना तब्बल २५ मिनिटे किरणांसमोर राहावे लागले. आज त्याच कामाला सेकंदाचा काही दशांश भाग पुरतो. त्या काळी किरणांचे प्रमाण मोजण्याचे साधन नव्हते असे म्हणण्यापेक्षा, ते साधन म्हणजे डॉक्टरचा स्वतःचा हात होता असे म्हणणे अधिक अचूक ठरेल; कारण क्ष-किरणांची नळी नीट चालते आहे की नाही हे पाहण्यासाठी चमकणाऱ्या पडद्यापुढे हात धरून त्यातील हाडे किती स्पष्ट दिसतात ते पाहिले जाई आणि हे दिवसातून अनेकदा केले जाई. अमेरिकेत दंत-एक्स-रेचा पाया घालणारे न्यू ऑर्लीन्सचे एडमंड केल्स यांनी वर्षानुवर्षे असेच केले, त्यांच्या हाताला कर्करोग झाला, आधी बोटे, मग हात, मग संपूर्ण बाहू अशा शस्त्रक्रिया होत गेल्या आणि अखेर १९२८ मध्ये त्यांनी आपले जीवन संपवले.

धोक्याची सूचना मात्र फार आधीच दिली गेली होती, आणि ती देणाराही दंतवैद्यच होता. बोस्टनच्या विल्यम रोलिन्स यांनी १९०१ मध्ये गिनिपिगांवर प्रयोग करून दाखवून दिले की, विजेचा झटका किंवा उष्णता यांचा संबंध पूर्णपणे तोडला तरीही हे किरण प्राण्याचा जीव घेऊ शकतात. त्यामुळे नळीभोवती शिशाचे आवरण असावे, किरण फक्त आवश्यक तेवढ्याच जागी पडावेत आणि पाहणाऱ्याने शिसेयुक्त काचेचा चष्मा लावावा, या त्यांच्या शिफारशी आजच्या नियमपुस्तिकेतून उचलल्यासारख्या वाटतात. त्यांच्या समकालीनांनी त्याकडे फारसे लक्ष दिले नाही. पुढची दोन दशके ‘मात्रा’ म्हणजे त्वचा लाल होईल इतके किरण, हेच माप रूढ राहिले, आणि १९२५ मध्ये आर्थर मुत्शेलर यांनी काम करणाऱ्यांसाठी सहन होण्याजोगी मर्यादा सुचवली तीही महिन्याला त्वचा लाल करणाऱ्या मात्रेचा शंभरावा भाग अशी. इजेच्या भाषेत माप सांगण्याची ही पद्धत १९२८ मध्ये मागे पडू लागली, कारण त्या वर्षी स्टॉकहोमच्या परिषदेत राँटगेन या एककाला आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली आणि किरणांपासून संरक्षणाविषयी शिफारशी करणारी समितीही तेथेच जन्माला आली.

राँटगेन हे एकक हवेवर आधारलेले होते. क्ष-किरण हवेतून जाताना तिच्या रेणूंमधील इलेक्ट्रॉन मोकळे करतात, म्हणजेच हवेचे आयनीभवन घडवतात, आणि हे सुटे झालेले विद्युतभार दोन पट्ट्यांमध्ये गोळा केले की किरणांचे प्रमाण कळते. अशा हवा भरलेल्या लहानशा डबीला आयनीकरण कक्ष म्हणतात आणि शतक उलटले तरी प्रारणमापनाचा तोच कणा आहे. आज त्यातून मिळालेले मूल्य ग्रे या एककात मांडले जाते, ज्याचा अर्थ एक किलोग्रॅम पदार्थात शोषली गेलेली एक ज्यूल ऊर्जा असा होतो. ही ऊर्जा किती क्षुल्लक असते याची कल्पना यावी म्हणून एक साधा हिशेब मांडता येतो: दाढेच्या फोटोत गालाच्या त्वचेवर एक-दोन मिलिग्रे मात्रा पडते, आणि तेवढ्या ऊर्जेने पाणी तापवायचे ठरवले तर त्याचे तापमान एका अंशाच्या दहा लाखाव्या भागापेक्षाही कमी वाढेल. म्हणून दवाखान्यातील किरण उष्णतेवरून मोजण्याचा प्रश्नच येत नाही. त्यांचे जैविक महत्त्व उष्णतेत नसून, पेशीतील डीएनएच्या धाग्यावर नेमका घाव बसण्याच्या शक्यतेत असते.

आयनीकरण कक्ष बाहेरच्या हवेला खुला असेल तर त्याचा एक स्वभाव लक्षात ठेवावा लागतो. हवा विरळ झाली की त्यातील रेणू कमी होतात आणि मोजमाप तेवढेच घटते. मुंबईच्या किनाऱ्यावर जुळवलेले उपकरण महाबळेश्वरला नेऊन तपमान आणि वायुदाब यांची दुरुस्ती न करता वापरले, तर त्याच एक्स-रे यंत्राची मात्रा जवळपास १५ टक्क्यांनी कमी दिसेल, आणि यंत्र तपासणाऱ्याला ते उगाचच निर्दोष वाटेल. आता अशा तपासणीत अर्धवाहक संवेदकांचा वापर वाढला आहे. त्यांना हवेच्या दाबाशी देणेघेणे नसले तरी किरणांच्या ऊर्जेनुसार त्यांचा प्रतिसाद बदलतो, त्यामुळे एका अडचणीतून सुटून दुसरीत जावे लागते. कोणतेही मापक शेवटी एखाद्या प्रमाणित मापकाशी ताडून पाहिलेले असावे लागते, आणि भारतात प्रारणमापनाची राष्ट्रीय प्रमाणके ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात सांभाळली जातात.

परंतु यंत्रातून येणाऱ्या झोताला दिशा देणाऱ्या नळकांड्यासमोर हवेत मोजलेली मात्रा आणि रुग्णाच्या शरीरात पोहोचलेली मात्रा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खालच्या दाढेकडे रोखलेला झोत गाल, जबडा, जीभ, लाळग्रंथी यांमधून जातो, त्याचा काही भाग विखुरतो आणि मानेतील थायरॉइडपर्यंत पोहोचतो. जिवंत माणसाच्या लाळग्रंथीत मापक ठेवणे शक्य नसल्यामुळे संशोधक माणसाच्या डोक्याची आणि मानेची प्रतिकृती वापरतात. तिच्यातील कृत्रिम मांस किरणांना खऱ्या मांसाप्रमाणेच अडवते, काही प्रतिकृतींत तर खरी मानवी हाडे बसवलेली असतात, आणि तिचे अडीच सेंटिमीटर जाडीचे आडवे काप करून त्यांत भोके पाडलेली असतात. या भोकांत लिथियम फ्लोराइडचे तांदळाच्या दाण्याहून फारसे मोठे नसलेले चौकोनी तुकडे ठेवतात. किरण पडले की या स्फटिकांतील काही इलेक्ट्रॉन आपली जागा सोडून स्फटिकाच्या सूक्ष्म दोषांत अडकून बसतात, आणि नंतर तुकडा तापवला की ते सुटून परत जाताना प्रकाश बाहेर टाकतात. या गुणधर्माला तापदीप्ती म्हणतात आणि बाहेर पडलेला प्रकाश मोजला की पूर्वी किती किरण शोषले गेले ते सांगता येते.

इथपर्यंतचा भाग मोजमापाचा आहे. यापुढे निवाडा सुरू होतो. शरीराचे सर्व अवयव किरणांना सारखेच संवेदनशील नसतात, म्हणून प्रत्येक अवयवाच्या मात्रेला एका भारांकाने गुणून सर्वांची बेरीज केली जाते आणि त्या बेरजेला परिणामी मात्रा म्हणतात. सिव्हर्टमधला आकडा तो हाच. भारांक ठरवले जातात ते स्टॉकहोममध्ये जन्मलेल्या त्याच आंतरराष्ट्रीय समितीकडून, आणि त्यांमागे मुख्यतः हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्या लोकांच्या दीर्घकालीन पाहणीतून आलेले पुरावे असतात. समितीच्या १९९० च्या यादीत लाळग्रंथींना स्वतंत्र स्थान नव्हते. २००७ च्या यादीत त्यांना ०.०१ इतका भारांक मिळाला. अंक दिसायला लहान असला तरी दातांच्या एक्स-रेत लाळग्रंथी अगदी झोताच्या वाटेवरच असतात, त्यामुळे अमेरिकेतील जॉन लडलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये नव्या यादीनुसार हिशेब केला तेव्हा दंत-एक्स-रेच्या निरनिराळ्या प्रकारांची परिणामी मात्रा ३२ टक्क्यांपासून ४२२ टक्क्यांपर्यंत वाढलेली निघाली. एकही किरण जास्तीचा पडला नव्हता. यंत्रे तीच, पुतळा तोच. बदलले होते ते फक्त एका कोष्टकातील आकडे. जिला मोजमाप समजले जाते ती गोष्ट कितपत माणसांच्या सहमतीवर उभी आहे, हे दंतवैद्यकाइतके लख्खपणे दाखवणारे दुसरे उदाहरण वैद्यकात क्वचितच सापडेल.

त्याच संशोधनातील आणखी एक कोष्टक मात्र अधिक लक्षपूर्वक वाचण्यासारखे आहे, कारण दवाखान्यात काय करावे याचे उत्तर त्यात दडलेले आहे. संपूर्ण तोंडाचे एकामागून एक घेतलेले एक्स-रे, जुन्या ‘डी’ वेगाची फिल्म आणि गोल नळकांडे वापरून काढले, तर परिणामी मात्रा ३८८ मायक्रोसिव्हर्ट भरली. फिल्म अधिक संवेदनशील, म्हणजे ‘एफ’ वेगाची घेतली आणि नळकांडे गोलच ठेवले तर ती १७१ वर आली. आणि तीच संवेदनशील फिल्म ठेवून गोल नळकांड्याऐवजी चौकोनी वापरले तर ती ३५ पर्यंत घसरली. ‘डी’ वेगाची फिल्म १९५५ ची आणि ‘एफ’ वेगाची २००० ची, म्हणजे छायाचित्रणाच्या रसायनशास्त्राने पंचेचाळीस वर्षे खपून मात्रा निम्म्याहून थोडी कमी केली, तर शिशाच्या पत्र्याला चौकोनी भोक पाडून ती आणखी एक-पंचमांशावर आणता आली.

यामागचे भूमितीचे कारण शाळकरी मुलालाही समजेल असे आहे. गोल झोताचा व्यास त्वचेजवळ सात सेंटिमीटरपर्यंत असतो, म्हणजे त्याचे क्षेत्रफळ साडेअडतीस चौरस सेंटिमीटर होते. तोंडात ठेवलेली फिल्म मात्र सुमारे तीन बाय चार सेंटिमीटरची, म्हणजे बारा चौरस सेंटिमीटरची. उरलेले दोन-तृतीयांश किरण चित्रात कुठेही उमटत नाहीत, ते केवळ चेहऱ्यावर पडतात, आणि त्या कडेच्या भागातच लाळग्रंथी आणि कधी थायरॉइडही सापडत असल्यामुळे परिणामी मात्रेतील फरक क्षेत्रफळातील फरकापेक्षाही मोठा दिसतो. अमेरिकेतील प्रारण संरक्षण परिषदेने २००३ च्या आपल्या अहवालात चौकोनी झोत आवश्यक मानला. तरीही गोल नळकांडी जगभरच्या दवाखान्यांतून हटलेली नाहीत, आणि त्याचे कारण अज्ञान नव्हे. चौकोनी झोत थोडा जरी तिरका लागला तरी फिल्मची एक कड कोरी राहते, दंतवैद्य तिला ‘कोन-कट’ म्हणतात, आणि मग फोटो पुन्हा काढावा लागतो. गोल झोत ही चूक पोटात घालतो. फिल्म आणि नळकांडे यांना एका दांडीने जोडणारा धारक वापरला तर ही अडचण बरीचशी संपते, परंतु बोटाने फिल्म धरून ठेवायला सांगण्याची सवय अधिक सोयीची असते. सवय बदलणे हे फिल्म बदलण्याइतके सोपे नसते, कारण फिल्म कारखान्यातून बदलून येते.

फिल्मची जागा आता बहुतेक ठिकाणी तोंडात ठेवायच्या विद्युत संवेदकाने घेतली आहे. फ्रान्समधील फ्रान्सिस मुयेन यांनी १९८० च्या दशकात विकसित केलेल्या पद्धतीला रेडिओव्हिजिओग्राफी हे नाव मिळाले, आणि दवाखान्यातल्या बोलीत आजही दाढेच्या कोणत्याही संगणकीय फोटोला ‘आरव्हीजी’च म्हणतात. एका फोटोला लागणारी मात्रा त्यामुळे कमी झाली हे खरे, पण चित्र क्षणात पडद्यावर येत असल्याने ते मनासारखे नसेल तर पुन्हा काढण्याचा मोहही वाढला. रूट कॅनालच्या एकाच बैठकीत चार-पाच फोटो निघणे अशक्य राहिलेले नाही, आणि एका फोटोत वाचलेली मात्रा संख्येत भरून निघू शकते.

संपूर्ण जबडा एका लांबट चित्रात दाखवणारा ‘ओपीजी’ हा फिनलंडमधील यर्यो पाटेरो यांच्या कामातून आला. यात नळी आणि फिल्म डोक्याभोवती फिरतात आणि जबड्याच्या कमानीइतकाच एक वक्र पट्टा स्पष्ट उमटतो, बाकी सारे धूसर होते. येथे मापनाची अडचण वेगळी आहे. झोत काही मिलिमीटरच रुंद असतो आणि तो सतत सरकत असतो, त्यामुळे एका बिंदूवरील मात्रेला फारसा अर्थ उरत नाही. म्हणून झोताच्या फटीवरच मात्रा आणि क्षेत्रफळ यांचा गुणाकार मोजतात. ओपीजीची परिणामी मात्रा ३ ते २४ मायक्रोसिव्हर्टच्या आसपास येते.

सर्वात मोठी झेप मात्र १९९८ मधली. इटलीतील व्हेरोना येथे पिएरो मोझ्झो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शंकूच्या आकाराचा झोत डोक्याभोवती एकदाच फिरवून जबड्याचे त्रिमितीय चित्र मिळवणारे यंत्र जगापुढे मांडले, आणि जपानमध्येही त्याच सुमारास योशिनोरी अराई यांनी तशाच तत्त्वावरचे यंत्र घडवले. या पद्धतीला ‘सीबीसीटी’ म्हणतात. अक्कलदाढेचे मूळ खालच्या जबड्यातील चेतानलिकेला किती जवळ टेकले आहे, किंवा इम्प्लांटच्या स्क्रूसाठी हाड पुरेसे रुंद आहे की नाही, हे सपाट चित्रावरून अंदाजाने सांगावे लागे, ते आता मिलिमीटरच्या अंशात पाहता येते. पण त्याची किंमत एका आकड्यात सांगता येत नाही: २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपीय मार्गदर्शिकेत सीबीसीटीची परिणामी मात्रा ११ पासून १,०७३ मायक्रोसिव्हर्टपर्यंत दिली आहे, म्हणजे एकाच नावाच्या तपासणीत जवळपास शंभरपट अंतर. यंत्र कोणते, तीन-चार दातांपुरता भाग टिपला की संपूर्ण चेहरा, चित्र किती सूक्ष्म हवे होते, यांवर सारे अवलंबून असते; आणि हाताशी मोठे क्षेत्र टिपणारे यंत्र आहे म्हणून एका दातासाठी संपूर्ण चेहरा टिपला जाणे, हे गोल नळकांड्याच्याच दुखण्याचे नवे रूप आहे.

काम करणाऱ्यांच्या छातीवर लावलेला बिल्ला हा या हिशेबातील वेगळा खाते-उतारा होय. भारतात वापरल्या जाणाऱ्या बिल्ल्यात डिस्प्रोशियमची मात्रा मिसळलेल्या कॅल्शियम सल्फेटच्या तीन चकत्या असतात. दंतवैद्य ज्या प्लास्टरमध्ये जबड्याचे साचे ओततात तेही मूलतः कॅल्शियम सल्फेटच, हा एक गमतीचा योगायोग. बिल्ल्यातील हे द्रव्य फार संवेदनशील असते, परंतु दंत-एक्स-रेसारख्या कमी ऊर्जेच्या किरणांना ते मांसापेक्षा कितीतरी पटींनी जास्त प्रतिसाद देते, म्हणून एका चकतीवर तांबे-ॲल्युमिनियमची गाळणी, दुसरीवर प्लास्टिक आणि तिसरी उघडी ठेवून तिघींच्या तुलनेतून किरणांचा प्रकार आणि खरी मात्रा शोधून काढतात. काम करणाऱ्याची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, आणि कोणत्याही एका वर्षात ३० मिलिसिव्हर्ट, अशी मुंबईतील अणुऊर्जा नियामक परिषदेने ठरवलेली आहे. एक्स-रे यंत्रांची नोंदणीही याच परिषदेकडे करावी लागते. दंतवैद्यासाठी मात्र बिल्ल्याहून मोलाचे संरक्षण म्हणजे अंतर, कारण नळीपासूनचे अंतर दुप्पट झाले की मात्रा चौथाईवर येते, आणि झोताच्या बाजूला दोन मीटर उभे राहिले तर बिल्ल्यात नोंदण्यासारखे फारसे काही उरत नाही.

रुग्णाच्या अंगावर टाकल्या जाणाऱ्या शिशाच्या एप्रनचीही गोष्ट या मापनानेच उलटवली. पूर्वी किरणांमुळे पुढच्या पिढ्यांत दोष येतील ही भीती मोठी होती आणि जननग्रंथींना १९९० च्या यादीत ०.२० असा सर्वाधिक भारांक होता, तो २००७ मध्ये ०.०८ वर आला. शिवाय पोटापर्यंत पोहोचणारे बरेचसे विखुरलेले किरण शरीराच्या आतूनच येतात आणि बाहेरचे शिसे त्यांना अडवू शकत नाही. या कारणांनी अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०२४ मध्ये दंत-एक्स-रेच्या वेळी एप्रन आणि थायरॉइडची पट्टी वापरण्याची शिफारस मागे घेतली, आणि पट्टी ओपीजीच्या झोतात आडवी आली तर फोटो वाया जाऊन दुप्पट मात्रा पडते, हेही त्यामागे होते. रुग्णाला मात्र एप्रन न मिळणे हा निष्काळजीपणा वाटतो. शिशाचे वजन खांद्यावर जाणवते, चौकोनी भोक जाणवत नाही.

आणखी एक मर्यादा सांगायला हवी. परिणामी मात्रा ही स्त्री-पुरुषांच्या सरासरीतून कल्पिलेल्या एका प्रमाण-व्यक्तीसाठी मांडलेली असते. आठ वर्षांच्या मुलाचे डोके लहान असते, थायरॉइड झोताच्या जवळ येते आणि त्याच्या पेशींना पुढचे आयुष्यही जास्त असते, त्यामुळे ‘याला नेमके किती किरण लागले’ या पालकांच्या प्रश्नाला सिव्हर्टमधला आकडा हे प्रामाणिक उत्तर ठरत नाही. देता येण्याजोगे उत्तर निराळे असते: या यंत्राच्या नळकांड्याच्या टोकाशी मुलाच्या दाढेसाठी किती मिलिग्रे मिळतात आणि अनेक दवाखान्यांच्या पाहणीतून काढलेल्या संदर्भ-पातळीपेक्षा ते कमी आहेत की जास्त. ही पातळी अशी ठरवतात की चारपैकी तीन दवाखाने तिच्या खाली पडावेत, आणि जो चौथा वर राहतो त्याने घड्याळावरील सेकंद मोठ्या माणसाचेच तर ठेवलेले नाहीत ना, हे आधी पाहावे.